तेलात बुडालेली रायफल

वर्नाचं डोकं सकाळी सकाळीच फिरलं. न्याहारीच्या टेबलावर पुन्हा बंदुकीचं तेल! पॅनकेकला त्याचा वास, बापाच्या बाह्यांना डाग, आणि मधोमध तिच्या आजोबांची ती खालची लिव्हर ओढून भरायची रायफल, मानाच्या पाहुण्यासारखी पसरलेली.

"बाबा, कालच तेल दिलंत ना हिला?"

"काल?" ओरिन ऐंशीचा, पण आवाज अजून खणखणीत. "आठवडाभर हात लावला नाही मी."

काल दिलं होतं. परवाही. वर्नाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. अहो, मोंटानाच्या थंडीत शिकारीला निघताना रायफल आतून पुसून कोरडी ठणठणीत करायची, नाहीतर तेल गोठून चिकटतं, हे तिला लहानपणी शिकवलं कुणी? याच माणसाने, कान पिळून!

"मग निदान पुसून तरी घ्या. बाहेर हाडं गोठतायत."

"तू शिकवणार? मला?"

"नाही हो, माझी काय टाप!" तिने वाद सोडला. रोज उठून कुणी डोकं फोडून घ्यायचं? त्यात आज शिकारीच्या मोसमाचा शेवटचा दिवस. भावाने बजावलं होतं, पुढच्या वर्षी रायफल मी नेणार, बाबांना डोंगरावर धाडायचं नाही. म्हणजे म्हाताऱ्याची ही शेवटची खेप, आणि यंदा अजून एक हरीण दिसलं नव्हतं. एक मिळू दे बाई त्यांना, म्हणजे मी सुटले, असं तिला झालं होतं.

आणि दिसलं की! कड्याखाली, पाइनच्या झाडांपाशी, मोठ्या शिंगांचा नर आडवा उभा. ओरिनने रायफल खांद्याला लावली. हात जरासुद्धा थरथरले नाहीत. त्याने घोडा मागे ओढला, चाप दाबला.

टक.

घोडा पडला, पण मेल्या जिवाने. ओरिनने लिव्हर खाली-वर केली, न उडालेलं काडतूस बर्फात पडलं. पुन्हा चाप दाबला. पुन्हा टक. नराने मान वळवून दोघांकडे पाहिलं आणि झाडांत निघून गेला, काही घाई न करता.

सांगत होते ना मी! वर्नाच्या अगदी जिभेवर आलं होतं. अंगाचा तिळपापड झाला होता नुसता. ओरिनने लिव्हर उघडून आत बोट घातलं. बोटाला घट्ट, चिकट थर आला.

"एवढं तेल कुणी ओतलं यात?"

ओरडला असता तर तिने ऐकवलंच असतं. पण तो घाबरला होता. बोटाकडे बघे, मग तिच्याकडे.

"मी," वर्ना म्हणाली. "काल. गंज चढेल म्हटलं."

"मूर्ख कुठली!" त्याचा जीव भांड्यात पडला, हे तिला दिसलं. मग उतारभर त्याने तिला फैलावर घेतलं. थंडीत तेल द्यायचं नाही, किती वेळा सांगितलं, पन्नाशी आली तरी अक्कल नाही! ती दातओठ खात "हो बाबा, चुकलं" म्हणत राहिली.

गाडीत बसल्यावर तो निवला. "जाऊ दे पोरी. घरी गेल्यावर मीच बघतो तिच्याकडे. आधी जरा चांगलं तेल देऊ."

"द्या," वर्ना म्हणाली, आणि गाडी सुरू करायच्या आधी जरा वेळ स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली.