चौदा दिवसांचा टेकू

मित्रांनो, तुमच्या डोक्यावरचा स्लॅब ओला होता तेव्हा तो कुणी धरून ठेवला होता, असं तुम्ही कधी विचारलंय का? नसेलच विचारलं. मी एक जुना टेकू आहे. निलगिरीचा, साडेनऊ फूट उंच, अंगभर खिळ्यांची भोकं पडलेला. नवा स्लॅब ओतला की तो सुकून घट्ट होईपर्यंत मी आणि माझे भाऊबंद त्याला खालून धरून ठेवतो. मग आम्हाला काढतात आणि लोक रंगाचं कौतुक करतात.

एका शेताच्या बांधावर मी वाढलो. तिथून तोडून, साल सोलून, ट्रकने मला मुंबईत आणलं. चारकोपच्या भाऊरावांनी मला विकत घेतलं. ते स्लॅब ओतायची कामं घेत आणि टेकू, फळ्या, पत्रे भाड्याने देत. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, सगळीकडे मी उभा राहिलो. माझ्याखाली कुणी राहिलं नाही आणि मीही कुठल्या घरात राहिलो नाही, पण आपण काढले गेल्यावर घर उभं राहतं याचा मला अभिमान होता. त्या अभिमानाला तडा गेला तो चारकोपलाच, लवू आणि जानकीच्या घरी.

लवू मूळचा मालवणकडचा. गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर कुठे रखवालदारी, कुठे हमाली करत दिवस काढले. घर चालवलं ते जानकीने, एका लांबट वहीवर. कुठला दुकानदार आठ आणे कमी घेतो हेसुद्धा त्या वहीत असे. त्यांची बैठी खोली एकच, वर पत्रे. मुलगा सुयोग चौतीस वर्षांचा झाला तरी त्याचं लग्न जमत नव्हतं. मुलीकडचे येत, चहा पीत आणि विचारत, "झोपणार कुठे?" शेवटी जानकीने ठरवलं की पत्रे काढून स्लॅब टाकायचा आणि वर एक खोली चढवायची. त्या खोलीवर सुयोगचं लग्न अडलं होतं.

जानकीने वहीत अंदाज मांडला. सिमेंट, सळ्या, वाळू, विटा, मजुरी, जिना, खिडक्या, फरशी. लवूच्या शिल्लक पैशांत सुयोगचं कर्ज आणि तिच्या दोन पाटल्या घालून सहा लाख ऐंशी हजार जमले. खर्चही बरोबर तेवढाच बसला. मी तो हिशोब ऐकला, कारण आम्हाला आणून टाकलं त्या दिवशी ती तो सगळ्यांना वाचून दाखवत होती. फार चोख हिशोब होता. एकच गोष्ट त्यात नव्हती. थांबायला पैसे नव्हते.

काम चालू असेपर्यंत ही तिघं पलीकडच्या सेक्टरात भाड्याच्या खोलीत राहत होती. भाडं महिन्याला पंधरा हजार. जूनपासून तीन महिने धरले होते. पण सळ्या उशिरा आल्या, पावसाने आठवडा खाल्ला आणि स्लॅब ओतला गेला तो ऑगस्टच्या तेवीस तारखेला. त्या दिवशी नारळ फुटला, मजुरांना जानकीने स्वतः वडे-उसळ करून वाढली. लवू माझ्या शेजारी उभा राहून वरती बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते.

"चौदा दिवस हात लावायचा नाही," भाऊराव म्हणाले. "पाऊस आहे, दोन दिवस जास्त गेले तरी चालतील."

जानकीने बोटं मोजली. चौदा दिवस म्हणजे सप्टेंबर उजाडणार. खोलीचा मालक पाच-सहा दिवसांचं भाडं घ्यायला तयार नव्हता, महिना सुरू झाला की पुरा महिना. शिवाय आमचं भाडं रोजचं वेगळं.

मित्रांनो, आमचं काम कसं असतं ते सांगतो. पहिल्या दिवशी सगळं वजन आमच्या डोक्यावर असतं. मग स्लॅब हळूहळू आपलं ओझं आपण उचलायला लागतो, आणि चौदाव्या दिवशी पायाखालची पाचर एका टोल्यात निघते. तो नियम कुठे लिहिलेला नसला तरी आम्हाला तो डोक्यावर कळतो. आठव्या दिवशी, एकतीस तारखेला, ती सगळी माणसं माझ्यासमोर जमली, तेव्हा माझ्या डोक्यावर अजून भार होता.

"अगो, तो चवदा म्हणता ना, मग रवांदे चवदा," लवू म्हणाला.

"आणि पंधरा हजार खयसून हाडू? तुमी देतलास?" जानकीने विचारलं. लवू पाचरीकडे बघत बाजूला झाला. पैशाच्या बाबतीत त्याने आयुष्यभर तिचंच ऐकलं होतं, आणि त्यात त्याचं कधी वाईट झालं नव्हतं.

सुयोग म्हणाला, "भाऊराव, वर हात लावून बघा ना, दगड झालाय दगड. उद्यापासून आम्ही इथेच राहतो, काही झालं तर कळेलच की."

भाऊरावांनी मान हलवली, पण नाही म्हटलं नाही. कांदिवलीच्या दुसऱ्या कामाला त्यांना टेकू हवेच होते. "काढतो, पण जबाबदारी तुमची," एवढं बोलून त्यांनी माणसांना खूण केली. माझी पाचर सहा घाव घातल्यावर निघाली. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

टेम्पो भरला म्हणून आम्हा दहा-बारा जणांना गल्लीत भिंतीला टेकवून ठेवलं. तिथून मला दार दिसत होतं. त्याच रात्री भाड्याची खोली रिकामी करून सामान आलं, एक तारखेला देव आले. तीन तारखेला वरच्या खोलीच्या विटा आणि फरशीची खोकी आली. गल्ली चिंचोळी, शेजारी कुरकुर करायला लागले. मग सुयोगने सगळा माल मजुरांकरवी वर चढवून स्लॅबच्या मधोमध रचून घेतला. त्याला वाटलं, जागेवर नेऊन ठेवलं तर पुन्हा मजुरी पडणार नाही. आईचाच मुलगा तो.

दुपारी जानकी भाड्याच्या खोलीची अनामत परत आणायला गेली होती. लवू आत बसून मांडणीला कागद लावत होता. "सुयोग, वर कसलो आवाज येता रे?" असं त्याने विचारलेलं मी ऐकलं. सुयोग जिन्याशी होता. तो वळेपर्यंत स्लॅब मधून खाली आला.

अग्निशमन दलाच्या जवानांनी उरलेला भाग पडू नये म्हणून गल्लीतून आम्हालाच उचलून आत लावलं. माझ्या पायापासून दोन हातांवर त्यांनी लवूचा देह बाहेर काढला. त्याच्या हातात कागदाची सुरळी तशीच होती. जानकी आली तेव्हा तिच्या मुठीत खोलीची अनामत रक्कम होती, मालकाने एक रुपयाही न कापता परत केलेली. ती रडली नाही. "मीच म्हटलंय, काढा म्हणून," एवढंच ती ज्याला त्याला सांगत राहिली.

आता ती आणि सुयोग पुन्हा त्याच भाड्याच्या खोलीत राहतात, महिन्याला पंधरा हजार देऊन. लग्नाचा विषय निघत नाही. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलतात. भाऊराव कोर्टाच्या खेपा घालतात आणि त्यांचं सगळं सामान दुसऱ्याने विकत घेतलंय. मलाही.

सध्या मी लवूच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून चेतना नावाच्या बाईच्या घरी उभा आहे. तिथेही नवा स्लॅब ओतलाय. जानकी रोज सकाळी येते आणि दारातून आम्हाला मोजते. पहिल्या दिवसांत चेतना वैतागली. "काकू, रोज काय येता? आम्ही मोजतोय ना दिवस."

"मोज गो. माझ्यासमोर मोज," जानकी म्हणाली.

आज अकरावा दिवस. चेतनाचा नवरा हातोडी घेऊन आला, माझ्या पायाशी उकिडवा बसला आणि पाचर चाचपू लागला. "तीन दिवसांनी काय फरक पडतो यार? टेकूवाल्याचं मीटर चालूच आहे," तो म्हणाला. जानकी दारात होती. ती आत आली, बरोबर स्लॅबच्या मधोमध जमिनीवर बसली आणि पदर सावरून त्याच्याकडे बघत म्हणाली, "काढ. मी हयसर बसलंय."

त्याने पाचरीवरचा हात काढला. मग हातोडी उचलून बाहेर गेला.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, घर बांधाल, वाढवाल. तेव्हा सिमेंटचे, सळ्यांचे पैसे धराल तसे थांबण्याचेही धरा. तेवढे नसतील तर कामाला हात घालू नका. मला कौतुक नको, रंग नको. माझे दिवस तेवढे पुरे होऊ द्या, कारण मला काढल्यानंतर त्या स्लॅबखाली तुमचीच माणसं बसणार असतात.