तिचे कपडे, माझी कंबर

मी डमी बोलतेय. दुकानाच्या काचेआड उभी असते ती गोरी, लांब मानेची, नखं रंगवलेली डमी नव्हे. मी घरगुती. मला डोकं नाही, हात नाहीत आणि पायांच्या जागी एका मोडक्या पंख्याचा दांडा आहे. पण कंबर बघा. अशी कंबर या घरात दुसऱ्या कुणाला नाही, आणि हे सांगायला मी अजिबात लाजत नाही.

मी जळते, हेही लपवत नाही. लोक आतल्या आत धुमसतात आणि वर गोड बोलतात. मला तोंडच नाही, तेव्हा गोड बोलायचा प्रश्न येत नाही. ज्या बाईनं मला घडवलं तिच्यावरच मी गेलं वर्षभर जळत आलेय. माझी बाजू ऐका आणि मग काय नावं ठेवायची ती ठेवा.

बाई चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेम चढवून बघायच्या, "तुम्हाला ही छान दिसते" म्हणायचं, संध्याकाळी घरी यायचं. गेल्या वर्षाच्या सुरुवातीला तिनं घरात जाहीर केलं की दर महिन्याला एक ड्रेस शिवणार, जुन्या धाटणीचा, सिनेमातल्यासारखा. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, फार बोलत नाही. तो "शिव की" एवढंच म्हणाला. सासूबाई मात्र खुर्चीत सरसावून बसल्या. जुने सिनेमे म्हणजे त्यांचा जीव की प्राण. कुठल्या सिनेमात नायिकेनं कुठल्या प्रसंगाला काय घातलंय, ते त्यांना नातेवाइकांच्या नावांपेक्षा पक्कं पाठ.

मापासाठी डमी हवी म्हणून माझा जन्म झाला. बाईनं एक जुना टी-शर्ट अंगात घातला आणि ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. सासूबाईंनी खोकी बंद करायची ती रुंद चिकटपट्टी तिच्याभोवती गुंडाळायला घेतली. छाती झाली, पाठ झाली. पट्टी कमरेपाशी आली तशी बाईनं पोट आत ओढलं. सासूबाईंचा हात पोटाला लागणार, त्या काय म्हणतील, म्हणून ओढलं असेल. खांदे ताठ, हनुवटी वर, श्वास बंद. पट्टीचे थरावर थर चढले आणि मी त्या ओढलेल्या पोटावर आकाराला आले. मग पाठीवरून कातरीनं कापून मला सोलून काढलं, उशीतला कापूस आणि चिंध्या भरल्या आणि पंख्याच्या दांड्यावर बसवलं.

बाईनं श्वास सोडला तेव्हा तिचं पोट आपल्या जागी आलं. माझं नाही आलं. एवढी एक गोष्ट सोडली तर मी हुबेहूब ती होते, आणि ही गोष्ट तिच्या लक्षातच आली नाही.

पहिला ड्रेस ठिपक्यांचा, पांढऱ्या कॉलरचा. त्या दोघींची काम करायची रीत मोठी गमतीची. सिनेमा लावायचा, नायिका आली की सासूबाई ओरडणार, "थांबव, थांबव." बाई रिमोट दाबणार. मग दोघी टीव्हीला नाक लावून बाह्या किती फुगल्यात, चुण्या किती घेतल्यात ते बघणार. नायिका बिचारी अर्धं तोंड उघडं टाकून ताटकळत उभी. पाठ दिसत नसली तर सासूबाई बेधडक सांगत, "मागे बटणं होती." बाईनं विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?" तर म्हणाल्या, "मग काय आत उडी मारून घातला असेल तिनं?"

तो ठिपक्यांचा ड्रेस माझ्या अंगावर चढला तेव्हा सासूबाईंनी कौतुकानं जीभ टाळ्याला लावून टक् केलं. बाईनं तो हलकेच उतरवला, स्वतः घातला, आणि पाठीचा हुक लागेना. तिनं पोट आत घेतलं तेव्हा कसाबसा लागला, पण श्वास घेतला की टचकन सुटायचा. ती पलंगावर बसून राहिली.

"डमी तर माझ्याच अंगावर केलीय," ती म्हणाली. "म्हणजे महिन्याभरात माझंच वजन वाढलं."

"मग जरा सैल कर ना. मी सांगत असते की नाही, शिवणीत माया ठेव म्हणून? आत भरपूर कापड सोडलंयस, उसव आणि घे बाहेर."

"नाही आई. उसवणार नाही. मीच त्यात बसेन."

ड्रेस परत माझ्या अंगावर आला, आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू. टाचण्या मी टोचून घ्यायच्या, खडूच्या रेघा मी अंगावर ओढून घ्यायच्या, दिवसदिवस अर्धी उघडी मी उभी राहायचं आणि मिरवायचं तिनं? आता ठिपके माझे, कॉलर माझी. खिडकीतून येणारंजाणारं माणूस बघायचं ते माझ्याकडे.

पण प्रत्येक वेळी असं व्हायचं नाही. मधेच तिनं एक सैलसर, पुढे बटणांचा, मोठ्या खिशांचा ड्रेस शिवला. हेरांच्या सिनेमातली बाई तसला घालून पावसात उभी असते म्हणे. त्याला कंबरच नव्हती, म्हणून तो तिला बसला. ती तो घालून मैत्रिणीकडे गेली आणि इकडे माझ्या अंगाची लाही लाही झाली. परत आली तेव्हा ड्रेसला चहाचा डाग पडला होता, खिशात बसचं तिकीट होतं आणि काखेत घामाचा वास. वेडगळपणा वाटेल, पण मला तो डागसुद्धा हवा होता. माझ्या अंगावरच्या कपड्याला डाग कसा पडणार? मला कोण चहा देतंय?

उन्हाळ्यापर्यंत मी चार ड्रेस राखले. बाईनं चहातली साखर सोडली. दुकानातून येताना लिफ्ट सोडून जिन्यानं चढायला लागली, तेही लिफ्टवाल्याची बायको असून. रात्रीच्या जेवणात अर्धीच भाकरी घ्यायची आणि उरलेली अर्धी बघत बसायची. दर महिन्याला नवा ड्रेस, दर महिन्याला तोच हुक. मापाची फीत ती माझ्याच कमरेला लावायची. स्वतःच्या कमरेला लावायचा तिला धीर होत नव्हता.

मग एक दिवस ती आरशासमोर माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. खांद्याला खांदा लावून. आधी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःकडे, मग पुन्हा माझ्याकडे. ती नजर मी लगेच ओळखली. ती माझीच नजर होती. "काय कंबर आहे ना हिची?" ती म्हणाली. "मी कधी होणार अशी?"

"चिकटपट्टीची आहे ती," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "तुला चिकटपट्टी व्हायचंय का?"

बाई हसली नाही. आणि मी? मी त्या दिवसापासून वेगळ्याच तोऱ्यात उभी राहायला लागले. एक हाडामांसाची बाई, जिला हात आहेत, पाय आहेत, नवरा आहे, जिला बाहेर जाता येतं, ती माझा हेवा करत होती. मला आयुष्यात दुसरं काही मिळालं नाही, पण हे मिळालं. रोज संध्याकाळी ती दुकानातून यायची, पर्स ठेवायची आणि आधी माझ्याकडे बघायची. मी त्या नजरेची वाट बघायला लागले.

वर्ष सरत आलं तेव्हा हिरव्या ड्रेसचा विषय निघाला. सासूबाईंचा सगळ्यात लाडका सिनेमा. नायिका लांबलचक जिन्यावरून उतरते आणि खाली उभा असलेला माणूस हातातला पेला ठेवायचं विसरतो. सासूबाई म्हणाल्या, ड्रेस हिरवा होता.

"अहो आई, काळापांढरा सिनेमा आहे. हिरवा कुठून दिसला तुम्हाला?"

"मला दिसला."

कापड हिरवंच आणलं गेलं. गळा चौकोनी, कंबर घट्ट आणि खाली असा घेर की मी दांड्यावर जराशी फिरले तरी खोलीभर वारा. शहरातलं एक छोटं थिएटर वर्षाअखेर जुन्या सिनेमांची संध्याकाळ करणार होतं. लोकांनी जुन्या धाटणीचे कपडे घालून यायचं होतं. एका नाटक कंपनीची कपडेपटवाली बाई तिथे येणार होती आणि तिला शिवणारं माणूस हवं होतं. बाईनं ठरवलं की हा ड्रेस घालून जायचं, तिला भेटायचं, आणि पुढच्या वर्षी स्वतःसाठी नाही तर लोकांसाठी शिवायचं. नाटकाचे कपडे, मग एखादा अस्तराचा कोट, मग जमलं तर स्वतःची एक खोली.

"आणि हाही बसला नाही तर?" नवऱ्यानं विचारलं. वर्षभरात त्यानं तेवढा एकच प्रश्न विचारला, आणि तोही नको तो.

"नाही बसला तर बास. जिला स्वतःच्या अंगाचं शिवता येत नाही तिनं लोकांचं काय शिवायचं? मशीन झाकून ठेवते."

मशीन झाकली तर मलाही नवं काही मिळणार नव्हतं. एवढं मला कळत होतं. पण हिरवा ड्रेस अंगावर होता आणि माणसाला काय, डमीला काय, हेव्यात पुढचं दिसत नाही. मी मनात म्हणत होते, नको बसू दे.

त्या कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी नणंद आली. शाळेची बस चालवते, आवाज खणखणीत, अंगानं भरलेली, हसली की सगळीच्या सगळी हसते. तिनं माझ्याभोवती एक फेरी मारली.

"वहिनी, मला पण एक शिव असा. पैसे देते, फुकट नको. तुझी पहिली गिऱ्हाईक मी."

बाई कसंनुसं हसली, पण नाही म्हणाली नाही. नणंदेचं माप वेगळं, म्हणून तिचीही डमी करायची ठरली. पुन्हा जुना टी-शर्ट, पुन्हा सासूबाई आणि पुन्हा ती चिकटपट्टी. मी कोपऱ्यातून बघत होते आणि माझ्या चिंध्यांत धस्स झालं, कारण पट्टी कमरेपाशी येताच नणंदेनं पोट आत ओढलं.

"श्वास सोड गं," बाई म्हणाली. "अशीच बसणार आहेस का बस चालवताना?"

"ओढू दे की. तू नव्हतं ओढलंस?"

"मी कशाला ओढेन?"

"ओढलं होतंस," सासूबाई पट्टी फाडता फाडता म्हणाल्या. "चांगलं पाठीला लावलं होतंस. मी बघितलं ना."

बाईच्या हातातली कातर तशीच राहिली.

"आई, मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला काय माहीत? मला वाटलं, असंच करायचं असतं."

बाई माझ्याकडे आली. मला हात न लावता तिनं फीत उचलली आणि वर्षात पहिल्यांदा स्वतःच्या कमरेला लावली. मग माझ्या. दोन आकडे बघितले आणि ती खाली फरशीवर बसली. आधी हसली. मग हसता हसता रडायला लागली आणि म्हणाली, "वर्षभर भाकरी मोजून खाल्ली मी. हिच्यासाठी." नणंद अर्धी पट्टीत गुंडाळलेली, तिला वाकता येईना, तरी तशीच तिच्या शेजारी फतकल मारून बसली.

त्याच दुपारी मला दोन्ही कुशींत कापलं. टाचण्यांची मला सवय होती, कातरीची नव्हती. बाईनं आत जुन्या चादरीचे तुकडे ठासून भरले, फीत लावली, अजून भरले, पुन्हा फीत लावली आणि वरून नवी पट्टी मारली. काम संपलं तेव्हा मला पोट होतं. चांगलं गोल, मध्यमवयीन, दोन वेळा जेवणाऱ्या बाईचं पोट. सासूबाई म्हणाल्या, "आता दिसते माणसासारखी." मला नाक असतं तर मी मुरडलं असतं.

मग हिरवा ड्रेस उसवला. आत माया भरपूर होती, दोन्ही बाजूंनी बाहेर काढली. आधी माझ्यावर घालून बघितला, मग तिनं घातला. सासूबाईंनी हुक लावला आणि तो लागला. बाई खाली वाकली, हात वर केले, खुर्चीत बसली, उठली, पुन्हा बसली. नवरा दारात उभा होता. त्याच्या हातात पाना होता आणि तो खाली ठेवायचं त्याला सुचत नव्हतं.

थिएटरातल्या त्या संध्याकाळी ती तोच घालून गेली. कपडेपटवाल्या बाईनं ड्रेसची आतली शिवण उलटून बघितली आणि पुढच्या नाटकाचे दोन झगे शिवायला दिले. सासूबाई हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, म्हणून मला ठाऊक. मी वर्षभर राखलेले सगळे ड्रेस एकेक करून उसवले, सैल झाले आणि गेले. ठिपक्यांचा आता दुकानातसुद्धा जातो.

मी अजून कोपऱ्यात आहे. शेजारी नणंदेची डमी उभी असते, माझ्यापेक्षा रुंद, आणि सध्या सगळ्या टाचण्या तिच्या वाट्याला आहेत. पोटात दुखतं ना माझ्या. आता दुखायला पोट तरी आहे.

पण खरं दुखणं ते नाही. बाई संध्याकाळी दुकानातून येते, पर्स ठेवते, चहात दोन चमचे साखर घालते आणि सरळ मशीनवर जाऊन बसते. कधी जाता जाता माझ्या खांद्यावर धूळ पुसल्यासारखा हात फिरवते, तोही न बघता. तिला माझ्यात बघण्यासारखं काही उरलंच नाही. वर्षभर ती माझ्यावर जळत होती आणि मी तिच्यावर, तेव्हा आम्ही दोघी होतो. ती जळायची थांबली, आणि मी एकटीच उरले.

तुमच्या घरी कोपऱ्यात अशी कुणी उभी असेल, तर येताजाता एकदा तिच्याकडे बघत जा. मायेनं नाही जमलं, तर हेव्यानं बघितलंत तरी चालेल.