शेंडी आणि खिडकीचा गज

यज्ञेश्वर दहा वर्षांचा होता आणि पेन्शनीत निघालेल्या माणसासारखा दमलेला होता. कारण धुळाप्पा. शेवटच्या ओळीत दोघं खिडकीला पाठ लावून शेजारी बसत. मास्तर फळ्याकडे वळले की धुळाप्पा सुतळीनं यज्ञेश्वरची शेंडी गजाला बांधी. मग मास्तर प्रश्न विचारत, यज्ञेश्वर उत्तर द्यायला उठे आणि गज त्याला अर्ध्यातच खाली बसवी. मास्तरांना एवढंच दिसे की पोरगा उठतो, विचार करतो आणि बेत रद्द करतो.

मास्तरांना सांगितलं तर शाळा सुटल्यावर काय होईल, ते धुळाप्पानं आधीच समजावून ठेवलं होतं. आणि आता मास्तर म्हणाले होते, शनिवारच्या तोंडी परीक्षेत असाच बसलास तर चौथी विसर. म्हणजे आणखी एक वर्ष तिसरीत, धुळाप्पाशेजारी. धुळाप्पा तर तिथं कायमचाच होता.

बाहेर धुळाप्पा असे, त्यामुळं खेळायला जायची सोय नव्हती. संध्याकाळी यज्ञेश्वर शेजारच्या गौरम्माच्या हातमागाजवळ बसे. मागावरचा धागा तुटला की ती न बघताच जोडी. डोळे नवऱ्यावर आणि तोंड त्याच्याशी भांडण्यात, तेही तेलुगूत. एकदा तिनं याच्या हातात टाकाऊ सूत दिलं आणि पोराला गाठींचा नाद लागला. अंधारात बांध, पाठीमागं हात नेऊन सोड, एका हातानं बांध, दुसऱ्यानं सोड. घरात सुटं असं काही राहीनाच. एका दुपारी मामा झोपेतून उठून दारापर्यंत गेले, तर धोतराच्या सोग्यामागून खाटही निघाली. वडलांनी जानव्याला तेवढा हात लावू दिला नाही. शेंडीशी या सगळ्याचा काही संबंध असेल, हे यज्ञेश्वरच्या डोक्यातही नव्हतं. तो बिचारा दमलेला होता.

शनिवारी परीक्षा सुरू झाली आणि धुळाप्पानं नेमानं आपलं काम उरकलं. यज्ञेश्वरचा हात सवयीनं मागं गेला. बोटांनी गाठ चाचपली आणि त्याला भीतीऐवजी चक्क किळस आली.

"ही काय गाठ आहे?" तो हळूच म्हणाला. "सैल आहे."

धुळाप्पानं आजवर रडणं ऐकलं होतं, गयावया ऐकली होती. कामात खोट काढणारं गिऱ्हाईक पहिलंच.

"गप बस की, ए शेंडी."

"बसतो गप. पण नीट बांध. फास उलटा आलाय."

धुळाप्पानं सोडून पुन्हा बांधली.

"ही तर त्याहून वाईट. तुला कुणी शिकवलं?"

"कुनी न्हाय," धुळाप्पा म्हणाला. त्याचा आवाज जरा पडला होता.

तेवढ्यात मास्तरांनी यज्ञेश्वरचं नाव घेतलं. त्यानं दोन बोटांनी गाठ सोडली आणि उभा राहिला. पुरता. भीमेला मिळणाऱ्या नद्या विचारल्या होत्या. त्यानं सीना, नीरा, माण अशा ओळीनं सांगितल्या. मास्तर म्हणाले, बस. तो बसेना. म्हणाला, आणखी विचारा. मास्तरांनी विचारलं, ते साफ चुकलं, पण चुकलेलं उत्तरही त्यानं उभ्यानंच दिलं. मास्तरांनी थकून त्याला चौथीत घातलं.

शाळा सुटल्यावर धुळाप्पा फाटकात आडवा उभा होता. यज्ञेश्वरला पळण्याचाही कंटाळा आला होता. तो तसाच त्याच्यासमोर जाऊन थांबला.

धुळाप्पानं इकडंतिकडं बघून खिशातून सुतळी काढली. "न सुटनारी गाठ कशी बांदायची?"

"माझ्या शेंडीला नाही."

"बरं."

"फाटकाला बांध."

धुळाप्पानं बांधली. ती सुटली. पुन्हा बांधली. यज्ञेश्वर बाजूच्या दगडावर बसला आणि त्याच्यावर खेकसू लागला, ढ आहेस, डावा हात आधी, किती वेळा सांगायचं. मोठा अवघड विद्यार्थी मिळाला होता. बाकीची पोरं फाटक बांधलेलं बघून भिंतीवरून उड्या मारत घरी गेली.