तीन वेळा ‘घर बंद’

“बाबा, आत्याच्या सासरचं दार सताड उघडं असतं, तरी तुम्ही पाकिटावर ‘घर बंद’ असं का लिहिता?”

हे विचारून दाखवच, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती, आणि पैज म्हटलं की टकळीला चेव येतो. घरात सगळे तिला टकळी म्हणायचे, पण शाळेत ती हजेरीलासुद्धा ओठातल्या ओठात पुटपुटायची. गेल्या महिन्यात वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली आणि बांध फुटला. आता तर आपण विचारू शकणार नाही असा प्रश्न अजून जन्माला यायचाय, असं तिला वाटत होतं. म्हणून तिने प्रश्न टाकला तोही अगदी व्यासपीठावरून टाकावा तसा, एक हात पुढे करून.

बाबांचा घास हातातच राहिला.

शनिवारची दुपार होती. बाबा टपालाची फेरी आटपून जेवायला बसले होते, खाकी बॅग दाराशी खुंटीला टांगलेली होती. आई वाढता वाढता थबकली. टकळीला वाटलं होतं, बाबा हसतील, म्हणतील, “अगं वेडाबाई, मी गेलो तेव्हा खरंच कुणी नव्हतं.” मग ती सोमवारी शाळेत जाऊन वर्गातल्या चष्मिसचं नाक खाली करणार होती.

कारण आग लावली होती ती चष्मिसने. ती आत्याच्या सासरच्या अगदी समोर राहते, आणि तिचं अभ्यासाचं टेबल नेमकं खिडकीशी. अभ्यास सोडून सगळं दिसतं तिला. ती म्हणाली, आत्याची सासू दिवसभर दारात ठाण मांडून बसलेली असते, त्या दाराला कडी लावायची गरजच पडत नाही. आणि तुझे बाबा मी स्वतः तीनदा पाहिलेत. जिना चढले, दारात बोलत उभे राहिले, एकदा तर चहाही प्यायले, आणि लांबडं पाकीट परत बॅगेत घालून खाली उतरले.

ते पाकीट कोर्टाचं होतं. आठ महिन्यांपूर्वी आत्या या घरात आली ती मोडलेला हात गळ्यात बांधून, अंगावरच्या कपड्यानिशी. नवऱ्याने तिला बाहेर ढकलून दार लावून घेतलं, आणि चार वर्षांची बिट्टी आत राहिली. आत्याने कोर्टात अर्ज केला, या माणसापासून मला संरक्षण द्या आणि माझी मुलगी माझ्याकडे द्या. वकीलबाई म्हणाल्या, काम सरळ आहे, फक्त त्याच्या हातात नोटीस पडू दे, ती पोचल्याशिवाय कोर्ट पुढे सरकत नाही. नोटीस निघाली रजिस्टर टपालाने, आणि आत्याच्या सासरचा भाग होता बाबांच्याच फेरीतला. आत्या तेव्हा आठवड्यात पहिल्यांदा हसली होती. माझा दादाच घेऊन जाणार म्हटल्यावर काय काळजी, म्हणाली.

पाकीट परत आलं. शेरा होता ‘घर बंद’. तारीख पुढे गेली. दुसरं पाकीटही तसंच आलं, मग तिसरं. कोर्टाचा माणूस पाठवायचा तर त्याची रांग त्याहून लांब.

“दार बंद नव्हतं ना, बाबा?” टकळीने पुन्हा विचारलं. या वेळी हात खालीच होता.

बाबांनी घास ताटात ठेवला. “नव्हतं,” म्हणाले.

आई मटकन खाली बसली. मग बाबा बोलत राहिले, ताटाकडे बघत, थांबत थांबत. आत्याचं लग्न त्यांनीच जमवलं होतं. त्या घरी त्यांनी वीस वर्षं टपाल टाकलेलं. कधी थकलेल्या बिलाचं पत्र नाही, कधी वकिलाचा कागद नाही, म्हाताऱ्या मावशीला धाडलेल्या मनीऑर्डरची दर महिन्याला न चुकता पोच. माणसाची पारख करायची तर त्याचं टपाल बघा, असं ते सगळ्यांना छातीठोकपणे सांगायचे. आत्या नको म्हणत होती, तर तिलाही हेच सांगितलं होतं.

पहिल्या वेळी जावईबापूंनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्याने, पाकीट पाहून दोन्ही हात मागे घेतले होते. हे घेणार नाही म्हणाले, निदान तुमच्या हातून तरी नको, दोन महिने द्या, मी स्वतः येतो तिला न्यायला. बाबांना ते खरं वाटलं. खरं वाटायला हवंच होतं त्यांना. संसार मोडण्यापेक्षा एक शेरा खोटा बरा, असं मनाशी म्हणून त्यांनी ‘घर बंद’ लिहिलं.

टकळीला ते शेरे पाढ्यांसारखे पाठ होते. लहानपणी ती बाबांची बॅग गळ्यात अडकवून घरभर पोस्टमन व्हायची आणि उशांवर शेरे मारायची. पत्ता अपुरा. गाव सोडून गेले. घर बंद. घेण्यास नकार.

“तो घेत नव्हता, तर ‘घेण्यास नकार’ लिहायचं होतंत,” ती म्हणाली. “मग काय झालं असतं?”

“नोटीस पोचली असं धरतात,” बाबा म्हणाले. आवाज इतका बारीक की आईने मान पुढे केली. “काम पुढे सरकतं.”

म्हणजे पहिल्याच तारखेला. टकळीने बोटांवर महिने मोजले आणि मूठ मिटून घेतली.

“आणि तिसऱ्यांदा? तोवर तर कळलं होतं ना तुम्हाला, तो येणार नाही ते?”

तिसऱ्यांदा जावईबापू उठलेसुद्धा नव्हते. आतूनच म्हणाले, “घर बंद लिहा की. तुम्हाला जमतं ते.” आधीचे दोन शेरे खोटे होते, तिसरा खरा लिहिला तर त्या दोन्हींचा जाब विचारला जाणार, नोकरी जाणार. बाबा जिन्यात थांबले, पाकीट भिंतीला टेकवलं आणि लिहिलं.

एवढ्यात दार वाजलं. आत्या आली होती. दर शनिवारी ती बिट्टीच्या बालवाडीच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची. बिट्टीला न्यायला आजी यायची, पण फाटकापासून रिक्षापर्यंत वीस-पंचवीस पावलं तरी पोर दिसायची. आज आत्याने पिवळ्या फुलांच्या दोन पिना नेल्या होत्या. त्या तशाच तिच्या मुठीत होत्या.

“आज जवळ जाऊ दिलं मला,” ती चपला काढत म्हणाली, आणि हसली. “पिना पुढे केल्या, तर बिट्टी काय म्हणाली माहितीये? म्हणाली, आजीने सांगितलंय, अनोळखी माणसांकडून काही घ्यायचं नाही.” हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, काढून ठेवायला विसरल्यासारखं. “शहाणी झालीय गं. कुणाकडून काही घेत नाही. चांगलंच आहे.”

आत्याने पिना फडताळात ठेवल्या, पुन्हा उचलल्या, पुन्हा ठेवल्या. मग बाबांच्या ताटाकडे पाहून म्हणाली, “दादा, जेवला नाहीस? फार उन्हात हिंडतोस रे. आणि हे बघ, आता चौथं पाकीट निघालंय म्हणे. या वेळी जरा संध्याकाळचा जा. तेव्हा असतात सगळे घरात. तुझी उगाच खेप होते माझ्यामुळे.”

बाबांनी नुसती मान हलवली. आत्या आतल्या खोलीत गेली. पलंग करकरला, आणि मग काहीच ऐकू आलं नाही, रडणंही नाही.

टकळीला पैज जिंकल्याचं आठवलं आणि त्या जिंकण्याची लाज वाटली. तिला बाबांच्या अंगावर ओरडायचं होतं. आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचाही होता, कारण ती पाठ एका जेवणात म्हातारी झाली होती. आईने खुणेने गप्प बसायला सांगितलं. मग कुजबुजली, आत्याला कळलं तर ती मरेल, आणि पोस्टातल्या साहेबांना कळलं तर आपण रस्त्यावर येऊ. चौथं पाकीट बाबा नीट पोचवतील, झालं गेलं सोडून दे. हो, पोचवीन, एवढंही बाबा म्हणाले नाहीत.

टकळी उठली.

“सोमवारी शाळा सुटली की मी आत्याला घेऊन वकीलबाईंकडे जाणार आहे,” ती म्हणाली. “तिन्ही वेळा दार उघडं होतं आणि पहिल्याच वेळी त्याने नकार दिला होता, हे तिथे सांगायचंय. बाबा, तुम्ही आलात तर तुम्ही सांगा. नाही आलात, तर मी सांगणार.”