फुटण्यासाठी नेमलेली काच

मी एक जुनी काचपट्टी आहे, वीतभर लांब आणि मधोमध तुटलेली. मित्रांनो, तुटकी काच दिसली की तुम्ही लांबून जाता. घटकाभर थांबा, मी कोणाला कापणार नाही.

पूर्वी मी धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, शंभर वर्षांच्या टाऊन हॉलच्या खिडकीचे तावदान होते. भिंती दगडी, गॅलरी सागवानी. तिथे मी सभा पाहिल्या, मतमोजण्या पाहिल्या, कापसाच्या भावावरून उडालेले खटके पाहिले. हॉलचे शिपाई पितांबर नाना मला रोज ओल्या वर्तमानपत्राने पुसत. एकदा चेंडू लागून मी फुटले, तरी नानांनी माझे तुकडे टाकले नाहीत. जिन्याखाली जपून ठेवले.

पुढे गॅलरीखालच्या भिंतीला उभी भेग पडली. काही जण म्हणू लागले, पाडा हा हॉल आणि गाळे बांधा. तेव्हा धुळ्याहून मोहिनीताई इंजिनिअर आल्या. त्यांनी माझ्या एका तुकड्यातून पट्टी कापली, भेगेवर आडवी बसवली, दोन्ही टोके प्लास्टरने घट्ट चिकटवली आणि त्या प्लास्टरवर तारीख लिहिली.

"नाना, भिंत हलली तर ही काच तुटेल. तुटली की त्याच दिवशी मला फोन करा. भिंतीला टेकू देऊन हॉल वाचवता येईल."

फुटल्याबद्दल काचेला नेहमी शिव्याच मिळतात. मला तर फुटण्यासाठीच नेमले होते. केवढा अभिमान वाटला मला!

नानांच्या मनाने मात्र एवढेच धरले, की काच तुटली म्हणजे हॉल गेला. रोज सकाळी ते माझ्यासमोर हात जोडत.

"फुटू नको व माय. तू फुटनी तर हाऊ बठ्ठा हॉल पाडी टाकतीन."

चार महिन्यांनी एका सकाळी मी तुटले. माझे काम मी चोख केले होते. नानांनी ते पाहिले. मग त्यांनी मला अलगद काढून रुमालात गुंडाळले, जिन्याखालच्या दुसऱ्या तुकड्यातून तशीच पट्टी कापून आणली आणि माझ्या जागी बसवली. ताज्या प्लास्टरवर जुनीच तारीख आपल्या अक्षरात लिहिली.

आठवड्याने मोहिनीताई आल्या. "वा नाना, भिंत थांबली की!" असे म्हणून त्यांनी हॉलसाठी राखून ठेवलेले टेकूंचे सामान यावलच्या एका कामावर पाठवले. मी तेव्हा नानांच्या खिशातच होते. पण मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

महिन्याभरात एका दुपारी ती भिंत गॅलरीसकट खाली आली. आत कोणी नव्हते, एवढेच नशीब. उरलेला हॉलही धोक्याचा ठरवून पाडला.

ढिगाऱ्याशेजारी नानांनी मोहिनीताईंपुढे रुमाल उघडला. "माले वाटनं, काच धड शे तवलोंग हॉल धड शे," असे म्हणून ते ढसाढसा रडले.

ताई रागावल्या नाहीत. "मी काच पाहिली, नाना. तारखेचं अक्षर पाहिलं नाही. माझंही चुकलं."

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या भिंतीला भेग दिसली, तर तिच्यावर कॅलेंडर टांगू नका. कोणाला तरी बोलावून दाखवा. नाना वाईट नव्हते. त्या हॉलवर त्यांच्याइतकी माया कोणीच केली नाही. आजही ते सकाळी त्या रिकाम्या जागेवर जातात, मला रुमालातून बाहेर काढतात आणि ओल्या वर्तमानपत्राने पुसतात.