थोल आणि डोल

कोशाच्या कचेरीत एक रीत होती, आणि ती बाबांनीच पाडलेली. जुन्या इंग्रजी शब्दांवरची प्रत्येक टीप संपादकाला, म्हणजे त्यांना, मोठ्याने वाचून दाखवायची. पटली तर ते ‘पुढे’ म्हणणार, चुकली तर टेबलावर बोट वाजवणार. ऐकणाऱ्याचं लक्ष उडू नये म्हणून रोज एक टीप मुद्दाम उलटी, म्हणजे चुकीच्या अर्थाने, वाचायची.

गेले काही महिने टिपा वाचणारी त्यांची लेक उलटी टीप वाचतच नव्हती. चूक असो की बरोबर, बाबा सगळ्यालाच ‘पुढे’ म्हणत होते. ही खुर्ची सुटली तर ते घरी भिंतीकडे तोंड करून बसतील आणि बघता बघता मिटतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आज कोशाचे विश्वस्त खुर्ची ओढून समोरच बसले. तेही बाबांच्याच हाताखाली तयार झालेले.

“ताई, आजची उलटी टीप झाली का?”

“अजून नाही.”

“मग होऊन जाऊ दे. आमची तर भंबेरी उडवायचे सर.”

तिच्या हातात थोल आणि डोल ही जोडी होती. ऐकायला सख्खी भावंडं, पण डोल म्हणजे दुःख आणि थोल म्हणजे ते सोसणं. शाळेत असताना बाबांनीच तिला हा फरक शिकवला होता. इथे तरी ते अडतील, अशी आशा धरून तिने सावकाश वाचलं.

“डोल म्हणजे सोसणे. थोल म्हणजे दुःख.”

“पुढे.”

“बाबा, नीट ऐका हं. डोल म्हणजे सोसणे?”

“अगं, सांगितलं ना, पुढे!” ते विश्वस्तांकडे बघून हसले. “हिचा स्वतःवर भरवसाच नाही.”

विश्वस्त मान खाली घालून चष्मा पुसू लागले. तेवढ्यात तिने बाबांचं बोट धरून टेबलावर आपटलं. टक, टक.

विश्वस्तांनी वर पाहिलं. बोट अजून तिच्या मुठीतच होतं.

“सोड गं, दुखतंय,” बाबा म्हणाले.

“ताई, सरांना घरी न्या.”

“नुसतं बसू द्या त्यांना इथे. टिपा मी दुसऱ्या कुणाकडून तपासून घेईन. पाया पडते तुमच्या.”

“आणि त्यांच्यासमोर त्यांचं काम दुसऱ्याने करायचं?”

तिने उठून खुंटीवरचा बाबांचा कोट काढला.

बाबा कान देऊन बसलेच होते. “थांबलीस का? वाच की.”