दोन इंच पाऊस

वादळ नागपट्टणम् गाठणार, अशी तार आली होती. कुंभकोणम्‌चा पाऊस मोजून रोज सकाळी आठ वाजता वर कळवायचं काम शेषाद्रीरावांकडे होतं. नेमकं त्याच दिवशी वडिलांचं श्राद्ध. पहाटेपासून ते सोवळ्यात; शिपायानं हाताळलेल्या त्या सरकारी पर्जन्यमापकाला शिवणार कसं? त्यांनी ओसरीवरूनच आभाळाकडे पाहिलं आणि 'दोन इंच' असं कळवून टाकलं.

दुपारी पिंड नदीत सोडायला निघताना त्यांना दिसलं, मापक निम्म्याच्या वर भरलं होतं. खोटं उघडं पडेल म्हणून त्यांनी दुरुस्तीची तार केली नाही.

अरसलार नदीच्या काठावर पेच्ची परटीण धावत आली. "सामी, पाणी चढतंय. पोरांना घेऊन देवळात जाऊ का?"

"लांब हो, शिवशील!" ते खेकसले. "देवळात तुमचा धिंगाणा नको. दोनच इंच पडलाय. मी मोजलाय."

सरकारी माणूस सांगतोय म्हटल्यावर पेच्चीनं हात जोडले आणि ती झोपडीत परतली.

उजाडायच्या आत नदीनं परीटवाडी धुऊन नेली. आठ वाजता शेषाद्रीरावांनी अकरा इंच अगदी काटेकोर मोजले, आणि मग दिवसभर हळहळत राहिले. धुवायला दिलेली त्यांची दोन नवी धोतरं गेली होती.